कॅमेरा घेताय? मेगापिक्सेलआधी उजेडाची वाट मोजा

चामोर्शी तालुक्यात कुनघाड्याच्या जंगलाकडून जाताना आकाशात घिरट्या घालणारा एक मोठा पक्षी दिसतो. गाडी थांबते, खिशातला मोबाइल बाहेर निघतो, दोन बोटांनी स्क्रीन ताणून फोटो काढला जातो. घरी येऊन पाहावे तर निळ्या आकाशात एक काळा ठिपका. ती घार होती की गिधाड, आणि गिधाड असेल तर कोणते, हे त्या ठिपक्यावरून कोणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी त्याच मोबाइलने मार्कंड्याच्या देवळात काढलेला फोटो मात्र सुरेख आलेला असतो.

असे दोन-चारदा झाले की ‘आता एक चांगला कॅमेरा घेऊ’ हा विचार पक्का होतो. धानाचे चुकारे हाती आलेले असतात किंवा पहिल्या पगारातून काही पैसे बाजूला पडलेले असतात. चंद्रपूर किंवा नागपूरचे दुकान गाठले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती मेगापिक्सेल?’ आणि चूक नेमकी इथेच होते. नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांचा संच साधारण चाळीस ते ऐंशी हजार रुपयांच्या घरात जातो. एवढी रक्कम चुकीच्या प्रश्नावर खर्च झाली की कॅमेरा कपाटात आणि मोबाइल पुन्हा हातात, अशी गत होते.

मेगापिक्सेलने काय कळते?

फारसे काही नाही. बाजारात नवशिक्यांसाठी सांगितले जाणारे कॅमेरे पाहा. २०१८ मध्ये आलेला कॅननचा १५००डी २४.१ मेगापिक्सेलचा आहे. त्याच वर्षीचा निकॉनचा डी३५०० हा २४.२ मेगापिक्सेलचा. २०२३ मध्ये आलेले कॅननचे आर१०० आणि आर५० अनुक्रमे २४.१ आणि २४.२ मेगापिक्सेलचे. पाच वर्षांत आकडा जवळपास जागचा हललेला नाही. दुसरीकडे, साध्या मोबाइलवरही ५० मेगापिक्सेलची पाटी दिसते. आकडाच खरा मानला तर मोबाइल या सगळ्यांच्या दुप्पट चांगला ठरायला हवा. तो तसा नाही, हे आकाशातल्या ठिपक्याने दाखवून दिलेच आहे.

मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती चौकटींत विभागले आहे याची मोजदाद. अंगणात पाऊस गोळा करायला वाट्या मांडल्या, असे समजा. वाट्या किती मांडल्या हा एक प्रश्न. पण पाणी किती मिळेल, हे अंगण किती मोठे आणि पाऊस किती पडतो यावर ठरते. कॅमेऱ्यात हा पाऊस म्हणजे प्रकाश, अंगण म्हणजे सेन्सर आणि वाट्या म्हणजे पिक्सेल. प्रकाश कमी पडला की फोटोत दाणे दिसू लागतात, रंग मळतात, बारकावे पुसले जातात.

म्हणून खरा प्रश्न असा की आपल्याला ज्या गोष्टीचा फोटो काढायचा आहे, तिच्याकडून येणारा किती प्रकाश हा कॅमेरा आत घेतो?

डोळ्याची बाहुली आणि लेन्सचे छिद्र

याचे उत्तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावरच आहे. भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. अंधारात तीच तरुण माणसाच्या डोळ्यात सात मिलिमीटरच्या आसपास फाकते. वय वाढते तशी ती कमी फाकते. आजोबांना संध्याकाळच्या अंधुक उजेडात वाचायला त्रास होतो, त्यामागचे हे एक कारण. बाहुलीचा व्यास दुप्पट झाला की आत येणारा प्रकाश चौपट होतो, कारण प्रकाश व्यासावर नव्हे तर क्षेत्रफळावर ठरतो.

लेन्सलाही अशीच बाहुली असते. तिला अ‍ॅपर्चर म्हणतात. तिची रुंदी काढायचे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला फोकल लेंथचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या नाभीय अंतराचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा ‘एफ’चा. पहिल्याला दुसऱ्याने भागले की छिद्राची रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स असेल तर ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिमी.

एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइल आणि छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत फोकल लेंथ ‘समतुल्य’ म्हणून मोठी करून सांगतात. भागाकारासाठी खरी फोकल लेंथ घ्यावी लागते. ती बहुधा लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेली असते. मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ साडेपाच मिमीच्या आसपास असते. एफ/१.८ धरले तर छिद्र तीन मिमीचे. म्हणजे उन्हातल्या आपल्या बाहुलीएवढेच.

आता हेच माप घेऊन चामोर्शीच्या परिसरातील दोन ठिकाणी जाऊ.

मार्कंड्याच्या मंडपात

वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचा मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे उन्हात असतात, पण मंडपात आणि गाभाऱ्यात शिरले की उजेड एकदम कोसळतो. भर उन्हात प्रकाशाचे माप एक लाख लक्सच्या घरात असते, तर अंधाऱ्या खोलीत ते काही दहांवर येते. म्हणजे हजार पटींचा फरक. आपल्याला तो तेवढा जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून स्वतःला जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र हिशेब चुकत नाही.

इथे दृश्य जवळ आहे आणि रुंद आहे. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची सर्वांत रुंद बाजू पाहू. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० सोबत सहसा १८-५५ मिमीची लेन्स मिळते. १८ भागिले ३.५, छिद्र सुमारे ५ मिमी. आर१०० आणि आर५० सोबत मिळणारी १८-४५ मिमीची लेन्स आकाराने लहान आणि हलकी आहे, पण १८ मिमीला तिचा आकडा एफ/४.५ आहे. १८ भागिले ४.५, छिद्र ४ मिमी. कॅमेरा पाच वर्षांनी नवा असला तरी सोबतच्या लेन्सचे छिद्र अरुंद आहे.

आता निकॉनचा कूलपिक्स पी९५० पाहा. लेन्स न बदलता ८३ पट झूम देणारा हा कॅमेरा पक्ष्यांच्या फोटोसाठी प्रसिद्ध आहे. त्याची खरी फोकल लेंथ ४.३ ते ३५७ मिमी. रुंद बाजूला ४.३ भागिले २.८, म्हणजे छिद्र केवळ दीड मिमी. मंडपाच्या अंधारात हा एक किलो वजनाचा कॅमेरा खिशातल्या मोबाइलपुढे मागे पडतो. मोबाइलचे छिद्र याच्या दुप्पट रुंद, म्हणजे प्रकाश चौपट. शिवाय मोबाइल एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकमेकांवर रचतो आणि दाणे पुसून टाकतो. देवळातला मोबाइलचा फोटो सुरेख का आला, याचे उत्तर हे.

मग देवळासाठी कॅमेरा घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण मोबाइलपेक्षा ठळक फरक हवा असेल तर सोबतच्या लेन्सवर थांबून चालत नाही. ५० मिमी एफ/१.८ ही कोणत्याही कंपनीच्या यादीतील स्वस्त लेन्सपैकी एक असते. तिचे २८ मिमीचे छिद्र एखाद्या मूर्तीचा चेहरा, हातातील आयुध, स्तंभावरची वेलबुट्टी अंधारातही स्वच्छ टिपते. लग्नसमारंभाचे फोटो काढून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या तरुणांनाही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा आधी हीच लेन्स कामाला येते. मात्र निकॉन डी३५०० घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेली लेन्स घेतली तरच फोकस आपोआप होतो. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्तात मिळाली तरी फोकस हाताने फिरवावा लागेल.

फ्लॅशचा मोह टाळावा. समोरून पडलेला झगझगीत प्रकाश शिल्पातील सावल्या पुसतो आणि दगड सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन भिंतीवर पडते, तेव्हा तेच शिल्प उठून दिसते. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही जाण्याआधी माहीत असावे.

शंभर मीटरवरचे गिधाड

आता कुनघाड्याकडे. गडचिरोली जिल्ह्यात गिधाडे अजून दिसतात. वन विभागाने इथे गावकऱ्यांच्या मदतीने त्यांच्या संवर्धनाचे काम केले, मेलेली जनावरे टाकण्यासाठी ‘गिधाड उपाहारगृहे’ उभारली. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड आणि लांब चोचीचे गिधाड या दोन्ही जाती या भागात नोंदल्या गेल्या आहेत. दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत.

पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ८५ सेंटिमीटरचे धरू. ते शंभर मीटरवर झाडाच्या शेंड्यावर बसले आहे. मोबाइलच्या मुख्य लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरच्याही दहाव्या भागाएवढी पडते. नेहमीच्या पद्धतीने जतन झालेल्या फोटोत ते गिधाड पंचविसेक पिक्सेल लांबीचे असते. हाच तो ठिपका. बोटांनी स्क्रीन ताणल्याने ठिपका मोठा होतो, माहिती वाढत नाही.

कॅनन १५००डीला ५५-२५० मिमीची लेन्स लावली तर तेच गिधाड सुमारे ५७० पिक्सेल लांब येते. डी३५०० ला ७०-३०० मिमीची लेन्स लावली तर साडेसहाशेच्या आसपास. आर५० किंवा आर१०० ला त्यांच्या जोडीची ५५-२१० मिमीची लेन्स लावली तर ४८०. आणि पी९५० पूर्ण झूमवर त्याला सव्वादोन हजार पिक्सेलहून लांब करतो.

छिद्राचे माप काय सांगते? २५० मिमीला एफ/५.६, म्हणजे ४५ मिमी. ३०० मिमीला एफ/६.३, म्हणजे ४८. २१० मिमीला एफ/७.१, म्हणजे ३० मिमीपेक्षा किंचित कमी. आणि पी९५० चे ३५७ मिमीला एफ/६.५, म्हणजे ५५ मिमी. देवळात सर्वांत अरुंद छिद्र असलेला कॅमेरा लांबच्या पक्ष्यासाठी सर्वांत रुंद ठरला. पी९५० चा सेन्सर १५००डीच्या सेन्सरच्या बाराव्या हिश्शाएवढाच आहे, तरीही शंभर मीटरवरच्या गिधाडाकडून तो दीडपट प्रकाश गोळा करतो. ‘लहान सेन्सर म्हणजे वाईट फोटो’ हे दुकानात ऐकू येणारे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे.

पण उरलेला अर्धा भागही ऐकायला हवा. एक, पी९५० चे पिक्सेल चौपट असले तरी तपशील चौपट मिळत नाही. छिद्रातून जाताना प्रकाशलहरी थोड्या पसरतात, त्यामुळे एकेका बिंदूचा प्रकाश अनेक बारीक पिक्सेलवर सांडतो. प्रत्यक्षात तपशील दुपटीच्या आसपास वाढतो, आणि तोही हात स्थिर असेल तर. दोन, झेपावणाऱ्या पक्ष्यावर फोकस धरण्यात असे कॅमेरे मंद असतात. एवढ्या झूमवर उडता पक्षी चौकटीत पकडणे म्हणजे नळीतून माशी शोधण्यासारखे. तीन, संध्याकाळ झाली की प्रत्येक बारीक पिक्सेलच्या वाट्याला फार थोडा प्रकाश येतो आणि दाणे वाढतात.

उडत्या पक्ष्यांसाठी आर५० चा एक गुण महत्त्वाचा आहे. तो चौकटीतला पक्षी ओळखून त्याच्यावर फोकस धरू शकतो. दिसायला जवळपास तसाच आणि स्वस्त असलेला आर१०० माणसाचे चेहरे व डोळे ओळखतो, पक्षी नाही, आणि त्याला टचस्क्रीनही नाही. दोघांच्या किमतीतील फरक कशाचा, असे विचारल्यास उत्तर हे. आर५० घेऊन अ‍ॅडॉप्टरने जुनी ५५-२५० मिमीची लेन्स लावली तर ३० ऐवजी ४५ मिमीचे छिद्र मिळते. जुन्या बाजारात ही लेन्स सहज सापडते.

गिधाडाचा फोटो कशाला?

छंद म्हणून काढलेल्या फोटोला इथे मोठा अर्थ आहे. नव्वदच्या दशकापर्यंत भारतात गिधाडे कोट्यवधींच्या संख्येने होती. त्यानंतर पंधराएक वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले २००४ मध्ये. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांच्या पशुवापरावरही बंदी आली.

याचा माणसाच्या आरोग्याशी काय संबंध? सडणारी जनावरे उघड्यावर राहिली, पाणी दूषित झाले, मोकाट कुत्री वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत.

त्यामुळे आज एखादे गिधाड कुठे दिसले, कोणत्या जातीचे, किती, ही नोंद मोलाची आहे. ‘आमच्याकडे गिधाड दिसले’ या तोंडी सांगण्याला पुरावा लागतो. पाठीचा खालचा भाग पांढरा आणि उडताना पंखाखाली पुढच्या बाजूस पांढरा पट्टा दिसला तर पांढऱ्या पुठ्ठ्याचे. अंग फिकट तपकिरी आणि चोच सडपातळ लांब दिसली तर लांब चोचीचे. पंचवीस पिक्सेलच्या ठिपक्यात यातले काहीच दिसत नाही. पाचशे पिक्सेलमध्ये जात ओळखता येते. २०२४ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या बोटेझरी भागात, हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे आणली गेली. अशा पक्ष्यांच्या अंगावर खूणपट्टी किंवा यंत्र असते. ती खूण फोटोत वाचता आली तर नेमका कोणता पक्षी कुठे पोचला, हे अभ्यासकांना कळते. इथे दुपटीने मिळणारा तपशील कामी येतो.

लेन्स लांब, माणूसही लांब

लांब लेन्सचा दुसरा उपयोग सुरक्षिततेचा. लेन्स अपुरी पडली की माणूस पाय पुढे टाकतो. चामोर्शी, मूल, आरमोरी या पट्ट्यात वाघ, बिबट आणि अस्वल गावांच्या आसपास वावरतात. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही जिल्ह्यात फिरत आहेत. मोहफुले किंवा तेंदूपत्ता वेचायला जाणाऱ्यांना जंगलात शिरल्याशिवाय गत्यंतर नसते, फोटो काढणाऱ्याला असते. घरट्यावर बसलेल्या गिधाडाच्या झाडाखाली जाणेही तितकेच चुकीचे. पक्षी उठला तर अंडे किंवा पिल्लू उन्हात उघडे पडते. फोटोसाठी जवळ जावे लागत असेल तर तो फोटो सोडून द्यावा.

जंगल सफारीचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. ताडोबात सफारीच्या वेळी मोबाइल नेण्यावर २०१८ पासून बंदी आहे. तिथे फोटो हवा असेल तर कॅमेराच लागतो.

डोळ्यांबाबतही एक इशारा. १५००डी आणि डी३५०० सारख्या आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत आपण काचेतून थेट बाहेर पाहतो. लांब लेन्स लावून घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याचा माग काढताना सूर्य चौकटीत आला तर एकवटलेले ऊन थेट डोळ्याच्या पडद्यावर पडते आणि कायमची इजा होऊ शकते. आर५०, आर१०० किंवा पी९५० मध्ये आपण छोट्या स्क्रीनकडे पाहतो, त्यामुळे डोळ्याला हा धोका नाही, पण सेन्सरला आहे.

उन्हाळा, पावसाळा आणि बॅटरी

इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे दृश्य पाण्यात हलल्यासारखे दिसते. ही थरथर कोणतीही लेन्स दुरुस्त करू शकत नाही. दुपारी काढलेला लांबचा फोटो पुसट आला म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नये. सकाळी नऊच्या आत निघावे.

पावसाळ्यात शत्रू वेगळा. दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. कॅमेरा कापडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात कोंडून ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागते. पुड्या ओल्या झाल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात. कॅमेरा अधूनमधून बाहेर काढून वापरत राहणे हाही उपाय आहे.

दिवसभर जंगलाच्या कडेने फिरताना चार्जिंगची सोय नसते. एका बॅटरीवर डी३५०० मानक चाचणीनुसार सुमारे १,५५० फोटो काढतो, १५००डी सुमारे ५००, आर५० पावणेचारशेच्या आत आणि पी९५० सुमारे २९०. नव्या कॅमेऱ्यांत स्क्रीन सतत चालू असते, म्हणून बॅटरी लवकर उतरते. आर५० किंवा पी९५० घेताना दुसऱ्या बॅटरीची किंमत आधीच हिशेबात धरावी.

मग कोणता घ्यावा?

आपण काय पाहायला सर्वांत जास्त वेळा बाहेर पडतो, यावर उत्तर ठरते.

देऊळ, यात्रा, घरचे कार्य, माणसे हेच विषय असतील तर आधी मोबाइलवरच सहा महिने हात बसवावा. त्यानंतर कॅमेरा घ्यावासा वाटला तर जुना १५००डी किंवा डी३५०० आणि छिद्र रुंद असलेली एक स्थिर लेन्स, हा कमी खर्चाचा आणि शिकण्यासाठी उत्तम मार्ग. डी३५०० चे उत्पादन थांबले आहे, पण जुन्या बाजारात तो मिळतो.

उजेडात बसलेले लांबचे पक्षी, तळ्यातली बदके, झाडावरचे गिधाड हे वेड असेल आणि लेन्स बदलण्याच्या भानगडीत पडायचे नसेल तर पी९५० सारखा एकसंध कॅमेरा. मात्र देवळात आणि रात्री त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

उडते पक्षी, धावती जनावरे आणि पुढे या छंदात खोल उतरण्याची तयारी असेल तर आर५० सारखा नवा कॅमेरा. मोठ्या कंपन्यांनी नवे काम आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळवले आहे, त्यामुळे नव्या लेन्स त्यांच्यासाठीच येत राहतील. थोडे पैसे वाचवायला आर१०० घेण्याआधी मात्र पक्षी ओळखण्याची सोय आपल्याला हवी आहे का, हे ठरवावे.

चौकट : दुकानात जाण्यापूर्वी

• लेन्सवरची खरी फोकल लेंथ भागिले एफचा आकडा करा. आपल्या कामाच्या अंतरावर छिद्र किती रुंद आहे ते पाहा.
• बजेटचा निम्मा भाग लेन्ससाठी राखा. कॅमेरा बदलतो, चांगली लेन्स राहते.
• जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडले आहे ते विचारा. लेन्समधून उजेडाकडे पाहा, आत जाळे किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी समजा.
• निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहा. प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे.
• दुसरी बॅटरी, मेमरी कार्ड, हवाबंद डबा यांचा खर्च आधी मांडा.
• कॅमेरा हातात धरून पाच मिनिटे डोळ्याला लावून पाहा. जड वाटला तर तो घरीच राहील.

कॅमेरा आणल्यावर पहिला महिना गिधाडाच्या मागे लागू नये. अंगणातल्या सातभाईंवर, विजेच्या तारेवरच्या कोतवालावर हात बसवावा. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जलद हवा, बसलेल्यासाठी त्याहून कमी चालतो, हे तिथेच अंगवळणी पडते. मग कधीतरी कुनघाड्याच्या बाजूला आकाशात मोठे पंख दिसतील. त्या वेळी फोटोत पंखाखालचा पांढरा पट्टा स्पष्ट आला, तर तारीख, वेळ आणि जागा लिहून तो फोटो जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात दाखवावा. घरट्याची जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये.